नक्षी उचलण्याआधी

जळगाव, माघ महिना

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मणीदागिन्यांची चित्रे मी सवडीने, नीट पाहिली. रेघेवर तुझा हात बसला आहे, रंगांची समज चांगली आहे आणि दागिना अंगावर कसा बसेल याचा विचार कागदावरच करण्याची सवय तुला लागलेली दिसते, जी पुष्कळ वर्षे काम केलेल्यांनाही लागत नाही. तरीही यातला एकही दागिना एवढ्यात घडवायला टाकू नकोस, असे मी सांगणार आहे, आणि त्याचे कारण सविस्तर लिहिणे मला भाग आहे. एकाच पानावर तू पूर्व आफ्रिकेतल्या मासाई बायकांचे चकतीसारखे हार, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंची त्रिकोणी नक्षी, नागा माळांतले लांबट तांबडे मणी आणि आपल्या सातपुड्यातल्या धडगावकडची मण्यांच्या जाळीची पट्टी एकत्र आणली आहेस आणि त्या सगळ्यांवर ‘ट्रायबल’ अशी एकच चिठ्ठी लावली आहेस. कोल्हापूरची ठुशी, पंजाबी चुडा आणि तमिळ तालीची साखळी एका तबकात मांडून कुणी त्यांवर ‘गावठी दागिने’ असे लिहिले, तर तू त्या दुकानाची पायरीही चढणार नाहीस.

माझे म्हणणे असे आहे की, मणी सहसा कुणा एका समाजाचा नसतो. तो बाजारातून आलेला असतो, आणि बहुतेक वेळा फार दुरून आलेला असतो. समाजाचे असते ते ओवण्याचे तंत्र, कोणती नक्षी कुणी आणि कधी घालायची याचे नियम, आणि ते काम करणारे हात. आपल्या धंद्यात मात्र मण्याच्या अस्सलपणावर पानेच्या पाने लिहिली जातात आणि नक्षी तेवढी फुकट उचलली जाते. तुझ्या टिपणातही मला तेच दिसले, म्हणून आधी मण्यांविषयी लिहिते.

ही हकीकत आपल्या दारापासूनच सुरू होते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेघा कोरलेला कवचाचा एक तुकडा सापडला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. म्हणजे या भागात शहामृग वावरत होते तेव्हापासून खानदेशात मणी घडत आले आहेत. कवचाचे लहान तुकडे करायचे, मधोमध भोक पाडायचे आणि मग कडा घासून गोल करायच्या, ही रीत आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील सान लोकांनी आजपर्यंत जपली आहे. यावरून पाटण्याचा माणूस आणि सान माणूस यांचे काही गूढ नाते सिद्ध होत नाही. एकच वस्तू हाती आली की माणसाचे हात बहुधा सारख्याच वाटेने जातात, एवढेच सिद्ध होते. ‘जगभरच्या आदिवासींची कला मुळात एकच’ असे वाक्य तू लिहिले आहेस. ते खोडून टाक.

दुसरा मणी अकीकाचा. नर्मदेच्या खालच्या अंगाला, भरूच जिल्ह्यात राजपिपळ्याच्या डोंगरांजवळ रतनपूर नावाचे गाव आहे. आपल्या अक्कलकुव्यापासून ते फार लांब नाही. तिथल्या खाणींतून निघणारा मळकट, पिवळसर दगड आधी महिनोन्‌महिने उन्हात ठेवतात आणि मग मडक्यांत घालून मंद आगीत भाजतात. दगडातल्या लोहाचा त्या उष्णतेने रंग पालटतो आणि बाहेर येतो तो तांबडाभडक अकीक. पुढे त्याला पैलू पाडणे, भोक पाडणे आणि झिलई देणे हे काम खंभातचे कारागीर करतात. हडप्पा काळात याच प्रदेशातले लांबट तांबडे मणी मेसोपोटेमियापर्यंत पोहोचले होते. ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत, इसवीसनपूर्व २५०० च्या सुमाराच्या, ते सापडले आहेत. अलीकडच्या शतकांत खंभातचा अकीक पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि इकडे ईशान्येच्या डोंगरांतही गेला. रतनपूरच्या टेकडीवर ज्या बाबा घोरांचे स्थान आहे ते आफ्रिकेतून आलेल्यांपैकी, सिद्दींचे पीर, आणि अकीकाच्या धंद्याशी त्यांचे नाव आजही जोडलेले आहे. तेव्हा ज्या लांबट मण्याला तू ‘नागा मणी’ म्हटले आहेस, तो बहुधा गुजरातचा आहे. नागा आहे ती त्याची मांडणी. शंखाच्या चकत्यांनी आणि हाडाच्या पट्ट्यांनी सरी वेगळ्या राखून केलेली ती माळ आहे, आणि ती कोणाच्या गळ्यात असावी हेही तिथे ठरलेले असते.

काचेच्या बारीक मण्यांची गोष्ट याहून ठळक आहे. व्हेनिसजवळच्या मुरानोने आणि पुढे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक देशातील, याब्लोनेत्सने हे मणी टनांनी केले आणि जहाजांतून जगभर पाठवले. मासाईंच्या गळ्यातली जी रंगीत चकती आपल्याला प्राचीन वाटते, तिच्यातली काच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या प्रमाणावर तिकडे पोहोचली. त्याआधी बिया, शिंपले, हाड, लोखंड आणि तांबे यांचे दागिने होते. उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागातल्या बायका काचमणी येण्याआधी साळिंदराचे काटे रंगवून कातड्यावर शिवत असत. मणी आले तेव्हा त्यांनी जुनी नक्षी नव्या मालात उतरवली आणि नवी नक्षीही काढली. आपल्या सौराष्ट्रातले मोतीकामही एकोणिसाव्या शतकात परदेशी मण्यांवरच फुलले. म्हणून दागिन्यासोबतच्या कार्डावर ‘हजारो वर्षांची अविचल परंपरा’ असे छापू नकोस. या बायकांनी परका माल घेऊन त्याला आपल्या वळणावर आणले, ही त्यांच्या कर्तबगारीची गोष्ट आहे. अविचलपणाची बिरुदावली लावून आपण त्यांची ती कर्तबगारीच पुसून टाकतो.

आता ओवण्याकडे वळते, कारण तुझ्या चित्रांतली खरी उणीव तिथे आहे. तू मण्यांचे रंग आणि आकार काढले आहेस, दोरा कुठेही काढलेला नाहीस. मासाईंची चकती ताठ राहते, कारण तिचे मणी तारेवर ओवलेले असतात आणि त्या तारांची वर्तुळे जागोजागी आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असतात. तीच नक्षी तू नायलॉनच्या दोऱ्यावर काढलीस तर ती छातीवर फडक्यासारखी लोळेल. उत्तर अमेरिकेतल्या लाकोटांच्या कामात एका टाक्यात ओळीने अनेक मणी कातड्यावर बसवतात, त्यामुळे प्रत्येक पट्टा मध्ये किंचित उचललेला दिसतो, आणि तो उंचवटा हाच त्या कामाचा चेहरा असतो. मेक्सिकोतल्या विशारिका लोकांच्या मणीकामात तर पुष्कळदा दोरा नसतोच. लाकडावर किंवा वाळलेल्या भोपळ्याच्या वाडग्यावर मेणाचा थर देऊन त्यात एकेक मणी बोटाने दाबून बसवतात. घानातल्या क्रोबो कारागिरांची तऱ्हा आणखी निराळी. ते फुटक्या बाटल्यांची काच कुटून तिची पूड मातीच्या साच्यांत भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा ठेवतात आणि भट्टीत घालतात. देठ जळून जातो आणि भोक तयार होते. या चार कामांना एकत्र बांधणारे काही असेल तर तो फक्त ‘मणी’ हा शब्द आहे, आणि तेवढ्या आधारावर संग्रह उभा राहत नाही.

पट्टी कशी पाहायची ते सांगते. माझ्यासमोर आत्ता सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या वस्तीतल्या एका बाईने केलेली तीन बोटे रुंदीची जाळीची पट्टी आहे. समोरून पाहिली तर पांढऱ्या जमिनीवर तांबडे आणि निळे चौकडे दिसतात, आणि बहुतेक डिझायनर इथेच फोटो काढून थांबतात. ती उलटी कर. जाळीत दर काही मण्यांनंतर एक सामाईक मणी येतो. मागच्या ओळीची सुई त्यातूनच गेलेली असते आणि पुढच्या ओळीचीही त्यातूनच जाते, म्हणून त्या मण्याचे भोक मोठे लागते. या बाईने सामाईक जागी जरा जाडसर, मोठ्या भोकाचे मणी निवडून घातले आहेत, आणि त्यामुळे जाळीच्या गाठी उठून दिसून आपोआप एक दुसरी नक्षी तयार झाली आहे. दोरा संपला तिथे तिने गाठ मारून टोक कापलेले नाही. ते चार-पाच मण्यांतून मागे फिरवून जिरवले आहे. आणि डाव्या बाजूला एके ठिकाणी निळे मणी संपले असावेत, कारण तिथे एकदम हिरवे सुरू होतात. उजव्या बाजूला निळे पुरले असते, तरी तिथेही तिने मोजून तेवढेच हिरवे घातले आहेत. हा निर्णय घेणारी बाई तुझ्याइतकीच डिझायनर आहे. तिला ‘कारागीर’ आणि स्वतःला ‘डिझायनर’ म्हणताना क्षणभर थांबून विचार करत जा.

रंगांच्या अर्थाविषयी सावध राहा. मासाईंमध्ये तांबडा म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे दूध, निळा म्हणजे आकाश, अशी कोष्टके सर्वत्र फिरत असतात आणि ती अगदीच खोटी नाहीत. पण झुलूंच्या मणीकामाचे उदाहरण घे. तिथे तरुण मुली प्रियकराला देण्यासाठी जे लहान पट्टे करतात, त्यांतून निरोप जातो हे खरे आहे. मात्र एकाच रंगाचा अर्थ शेजारच्या रंगावर, गावावर आणि काळावर अवलंबून असतो, आणि म्सिंगा भागातली रंगसंगती ओळखणाऱ्याला दुसऱ्या खोऱ्यातला पट्टा वाचता येईलच असे नाही. असा मजकूर शब्दकोशासारखा छापून दागिन्याबरोबर विकला की गिऱ्हाईक खूश होते, हे मला ठाऊक आहे. तरीही जे तुला त्या माणसांकडून प्रत्यक्ष कळलेले नाही ते कार्डावर लिहू नकोस.

हेच आपल्या सातपुड्यालाही लागू आहे. तुझ्या चित्रांत एक पुरुषी हार आहे, भोपळ्याच्या आकाराचे लोलक आणि मोरपिसाच्या डोळ्याची मीनाकारी असलेला. तू तो होळीच्या फोटोंवरून घेतला आहेस, हे सांगायला नको. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत किंवा त्या मागोमागच्या गावोगावच्या होळ्यांत जे बावा आणि बुध्या नाचतात, ते नवस फेडत असतात. ते त्या दिवसांचे नियम पाळतात, जमिनीवर झोपतात, अंगावर ठिपक्यांची नक्षी काढतात, कमरेला भोपळे आणि घुंगरे बांधतात, आणि व्रत संपले की तो साज उतरतो. तो नटण्याचा दागिना नाही. तो हार तुझ्या संग्रहातून काढून टाक, याबाबतीत माझे दुसरे मत नाही. बायकांच्या रोजच्या माळा, बाजाराच्या दिवशी घालायच्या पट्ट्या, लग्नातले चांदीचे दागिने यांबद्दल विचारायला, शिकायला आणि त्यातून नवे करायला भरपूर वाव आहे, आणि त्या विचारण्याने कुणाला वाईट वाटत नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात तर बायका स्वतःच एकमेकींच्या गळ्यातले नवे नमुने निरखत असतात.

एक इशारा गुंजांचा. तू कानातल्यांसाठी खऱ्या गुंजा सुचवल्या आहेस. सराफाच्या पोरीला गुंजेचे महत्त्व सांगायला नको. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा, ही आपली जुनी मोजणी, आणि त्या तोळ्याचे वजन ११.६६ ग्रॅम. पण गुंजेत ॲब्रिन नावाचे जहाल विष असते. टणक टरफल शाबूत असेल तोवर ते आत कोंडलेले राहते. ओवण्यासाठी भोक पाडले की टरफल फुटते आणि छिद्र पाडणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात पूड जाण्याचा धोका असतो. पुढे तो दागिना लहान मुलाने चावला तर जिवावर बेतू शकते. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या घरात त्याची जाण नसते. तांबड्या काचेवर काळा ठिपका देऊन काम भागते, खरी गुंज नको.

चांदीविषयी थोडे लिहिते, कारण तू आजोबांच्या दुकानात वाढलेली आहेस आणि मी काय म्हणते ते तुला लगेच समजेल. जुना दागिना मोडीत, म्हणजे आटवायला, द्यायला आलेल्या माणसाच्या नगातला दोरा, लाख, मणी काढून निव्वळ चांदी तोलण्याची रीत आहे, आणि तोलाच्या दृष्टीने ती बरोबरही आहे. मात्र या रीतीमुळे सातपुड्यातून आलेल्या किती मणीकामाची वासलात दुकानाच्या केरसुणीखाली लागली असेल, याची नोंद कुणाकडेही नाही. पेरणीच्या तोंडावर किंवा आजारपणात चांदी मोडायला येते, ती आटवली जाते, आणि पुढच्या वेळी घरात जर्मन सिल्व्हर येते, ज्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी कणभरही नसते. आजोबांच्या दुकानात अजून मोड येत असेल तर एवढे कर: वितळायला टाकण्याआधी प्रत्येक नगाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ, मालकाला विचारून मणीकामाचा भाग वेगळा विकत घे, आणि तो कोणत्या गावचा ते चिठ्ठीवर लिहून ठेव. कुठल्याही पुस्तकापेक्षा या चिठ्ठ्या तुला जास्त शिकवतील.

मग आधुनिक डिझायनरने करायचे तरी काय, असे तू विचारशील. करण्यासारखे पुष्कळ आहे. १९८० मध्ये ओटो कुंझली या स्विस दागिनेकाराने काळ्या रबराचे एक कडे केले आणि त्याच्या आत सोन्याचा एक गोळा दडवला. बाहेरून फक्त रबराला आलेला फुगवटा दिसतो, सोने आहे की नाही हे केवळ विश्वासावर. ‘सोने आंधळे करते’ असे त्याचे नाव आहे. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या आपल्या गावात या कड्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे मी हसत मान्य करते, पण एका मण्यातून दागिन्याच्या किमतीवरच प्रश्न विचारता येतो हे त्याने दाखवले. दुसरे नाव बाल्टिमोरच्या जॉइस जे. स्कॉट यांचे. मूळ अमेरिकी समाजातल्या एका कलावतीकडून त्या पेयोटी टाका, म्हणजे मणी एकमेकांत गुंफण्याची एक वीण, शिकल्या आणि पुढे त्यांनी त्याच बारीक काचमण्यांतून वंशभेदावर, हिंसेवर भाष्य करणारे हार आणि शिल्पे घडवली. २०१६ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांनी टाका घेतला, तो कुणाकडून घेतला ते लपवले नाही, आणि त्यातून बोलल्या त्या स्वतःचे. या दोघांपैकी कुणाचीही नक्कल तू करावीस असे मला म्हणायचे नाही. पण तुझ्या पानांत मला तुझे स्वतःचे काही दिसले नाही, हेही सांगायला हवे. ठुशी काय आहे? सोन्याच्या बारीक मण्यांची घट्ट वीणच ना? आजीची ठुशी पटवेकऱ्याकडे गाठवायला नेताना तू कधी तिथे बसून त्याचे हात पाहिले आहेस का? सोन्याचे मणी गाठवण्याची आपली रीत आणि पावरा बायकांची जाळी यांची गाठ घालून पाहणे, हे काम खानदेशातल्या मुलीला सोपे आहे, आणि ते अजून कुणी मन लावून केलेले माझ्या पाहण्यात नाही.

तांत्रिक बाबी पटकन सांगते. बारीक मण्यांचा नंबर जसा वाढतो तसा मणी लहान होतो. ११ नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा. जपानी नळीदार मणी, उदाहरणार्थ मियुकी कंपनीचा ‘डेलिका’, जवळपास एकसारखे असतात: व्यास १.६ आणि लांबी १.३ मिलिमीटर. त्यांत नक्षी रेखीव बसते. चेक मणी जरा गोल आणि कमीजास्त असतात, आपल्याकडचे त्याहून अधिक, आणि जाळीच्या विणीला ते कमीजास्तपण शोभतेही. कापीव मण्यांच्या भोकाची कड धारदार असते, ती दोरा कापते. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या, आणि रंगवलेल्या मण्यांचा रंग घामाने उतरतो, म्हणून प्रत्येक नव्या लडीतले चार मणी नखपॉलिश काढायच्या द्रावात बुडवून पाहा आणि चार मणी मे महिन्यात गच्चीवर ठेव. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात जो टिकला तो कुठेही टिकेल. हार अडकवायचा फासा आणि कडी जर्मन सिल्व्हरची वापरू नकोस, निकेलने कित्येकांच्या मानेला पुरळ येते. सोन्याची फासकी लावलीस तर हॉलमार्कचे नियम लागू होतील. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, बंधनकारक आहे, दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला सूट आहे, आणि बिलावर सोन्याचे निव्वळ वजन मण्यांपासून वेगळे दाखवावे लागेल.

आता घडणावळ. चार सेंटीमीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर लांब पट्टा मागावर डेलिका मण्यांत करायचा म्हटला तर आडवे ३१ आणि उभे ९४, म्हणजे जवळपास २,९०० मणी लागतात, आणि मागावर प्रत्येक मण्यातून सुई दोनदा जाते. तू तुझ्या तक्त्यात या पट्ट्याला मण्यांची किंमत, डबीची किंमत, फोटोचा खर्च आणि तुझा नफा धरला आहेस, आणि ओवणाऱ्या बाईला ‘नगामागे’ एक ठरीव रक्कम लावली आहेस. ती रक्कम कुठून आली? आधी एक बोटभर लांबीचा तुकडा स्वतः कर, घड्याळ लावून. मग तिला तो करू दे. ती तुझ्यापेक्षा पुष्कळ भराभर करील, पण तिच्या वेळेचा भाव तुझ्या वेळेच्या भावापेक्षा कमी धरायचे कारण मला सांगता आले तरच तो कमी धर. नक्षी तिची असेल तर मजुरीखेरीज प्रत्येक विक्रीवर तिचा वाटा ठरव, तो कागदावर लिही, आणि कार्डावर तिचे नाव छापायचे की नाही हे तिला विचार. काहींना नाव हवे असते, काहींना गावाचे पुरेसे वाटते.

कायद्याचीही थोडी ओळख असू दे. अमेरिकेत १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टप्रमाणे मूळ अमेरिकी समाजाने न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा आहे. नावाहो नेशनने आपले नाव वापरल्याबद्दल अर्बन आउटफिटर्स या कंपनीवर २०१२ मध्ये दावा लावला आणि तो २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. मासाईंनीही आपल्या नावाच्या आणि ओळखीच्या व्यापारी वापराबद्दल मोबदला मागायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. नक्षी उचलणाऱ्याला ते सहसा अडवत नाही, म्हणून कायद्यात बसते एवढ्यावर समाधान मानू नकोस. आणि २००० च्या डिझाइन्स ॲक्टखाली नोंदणीसाठी नक्षी नवी असावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात असलेला नमुना स्वतःच्या नावावर नोंदवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या सल्लागारापासून दूर राहा.

मासाई आणि झुलू ही पाने बाजूला ठेव. तिकडे जाऊन त्यांच्याबरोबर बसून काम करण्याची संधी मिळेल तेव्हा ती पुन्हा उघड. सध्या तुझ्या घरापासून एसटीने एका दिवसात पोहोचता येईल एवढ्याच मुलखाचे काम हाती घे. शहादा, तळोदा, धडगाव किंवा तुला जवळ पडत असेल तर चोपडा आणि यावल तालुक्यांतले सातपुड्याचे पाडे. जाताना ओळखीची एखादी आरोग्यसेविका किंवा शिक्षिका बरोबर असू दे. पहिल्या भेटीत नमुना मागू नकोस, फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस, आणि वयाने मोठ्या बाईला ‘मावशी’ म्हण. ‘मॅडम, तुम्ही आर्टिस्ट आहात’ असले काही तिथे बोलू नकोस.

वेळापत्रक तिच्या शेतीप्रमाणे ठेवावे लागेल. जून-जुलैत पेरणी असते, तेव्हा ओवायला कुणाचा हात मोकळा नसतो. दिवाळीनंतर पुष्कळ घरे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीला परततात. होळीच्या आठवड्यात काम काढणे तर अजिबात नको. मधले जे महिने उरतात त्यांत ऑर्डर दे, मण्यांच्या लड्या आणि दोरा तू पुरव, आणि निम्मी मजुरी आगाऊ दे, म्हणजे पेरणीच्या तोंडावर चांदी मोडायला जाण्याची वेळ कुणावर येणार नाही. दिवाळीतल्या प्रदर्शनाची तारीख तू गृहीत धरली आहेस, ती यंदा जमणार नाही. पुढच्या वर्षीची धर.

अक्षय्य तृतीयेनंतर मी जळगावातच आहे. येताना तुझ्या हाताने ओवलेला एक बोटभर तुकडा, उलट्या बाजूने काढलेली त्याच्या दोऱ्याची आकृती, आणि ओवणाऱ्या बाईची मजुरी पहिल्या ओळीत असलेला नवा तक्ता घेऊन ये. आजोबांना नमस्कार सांग.

कळावे,
तुझी बाई